झाकणावरचा जोड

५ जानेवारी, रविवार

झाकणं परत आली. सगळीच्या सगळी. इमादचा टेम्पोवाला पायरीवर रचून गेला आणि वर मला ऐकवून गेला, "भाभी, सेठने बोला है, ऐसा माल होडी पे नहीं चढ़ेगा." सेठ! इमाद म्हणजे ह्यांचा मावसभाऊ. माझ्या लग्नात नाक पुसत फिरत होता, आता खाडीकाठी फायबरच्या होड्या बनवतो तर सेठ झाला. मासळीच्या खणांची झाकणं, सुकाणू, बाकांच्या फळ्या असलं सगळं रंगवायला आमच्याकडे येतं. म्हणजे यायला लागलं होतं.

राग इमादचा यायला हवा होता, पण तो खोटं बोलत नव्हता. झाकण उजेडात धरलं की दिसतं. अर्ध्यापर्यंत रंग आरशासारखा, मग मधोमध एक जाडसर जोड, पुढे पुन्हा आरसा. कुणी भाकरी अर्धी थापून उठून जावं आणि मग येऊन उरलेली थापावी तसं. वरून शेजारच्या पॉवरलूमचा कापूस चिकटलेला, तो वेगळाच.

कुवेतला होड्यांच्या यार्डात आयुष्य घालवलेल्या माणसाचं हे काम. हे सप्टेंबरात आले आणि म्हणाले, आता जाणार नाही. कंपनीनं काढलं का विचारलं तर म्हणाले, नाही, कंटाळा आला. सासऱ्यांचे लूम कधीच भंगारात गेलेले, शेड रिकामी होती. तिथे कॉम्प्रेसर बसवला, रंगाची गन आणली. मी लगेच हो म्हटलं. पैसा घालायला मी कधी लगेच हो म्हणत नाही. पण हे काम चाललं तर माणूस घरी राहील, नाही चाललं तर पुन्हा बॅग भरेल. बुशरा बारावीला पोचली, तिला बाप फोनमधूनच माहीत आहे.

विचारलं, हा जोड कसला? म्हणाले, "हात थांबला."

हात थांबला म्हणे. गन ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एका चालीत न्यायची, मध्ये थांबलं की डाग, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, तुमचा हात थांबत असेल तर परत जा कुवेतला, तिथे थांबायचाही पगार देत असतील. हे उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आता हीच सवय. एक झाकण मारायचं आणि ओट्यावर जाऊन बसायचं, जशा काही दहा होड्या रंगवून आले.

असरच्या नमाजला उभी राहिले तरी डोकं तापलेलंच. गुस्सा हराम आहे हे मलाही ठाऊक आहे. पुन्हा हातपाय धुऊन, वुजू करून आले. फरक पडला नाही.

७ जानेवारी, मंगळवार

आज मुबश्शिरभाईंशी भांडले. त्यांच्या लूमची आणि आमच्या शेडची भिंत एकच, वर दोन झरोके. तिकडे लूम चालले की इकडे कापूस उडतो आणि ओल्या रंगावर बसतो. झरोक्यांना मी जुन्या चादरी लावल्या होत्या, त्यांच्या कामगारांनी हवा येत नाही म्हणून काढून टाकल्या. घडी करून ठेवल्या असत्या तरी मी गप्प बसले असते. तेलात टाकल्या होत्या.

मुबश्शिरभाई पान चघळत म्हणाले, "भाभी, भिवंडीत राहून कापूस उडतो म्हणता? उद्या खाडीत राहाल आणि पाणी खारट म्हणाल."

मी म्हटलं, "पाणी खारट असतं म्हणून कुणी शेजाऱ्याच्या डेगीत आणून ओतत नाही."

त्यावर ते हसले, आणि म्हणाले शुक्रवारी लूम बंद असतात, कापूस खाली बसलेला असतो, रंग त्या दिवशी मारा. मला ते आधी सुचलं नाही याचा जास्त राग आला. निघताना आणखी एक टोमणा मारलाच. "तुमचे नूरभाई मशिदीतून येताना रोज माझ्या दारात टेकतात, पाणी मागतात, तेव्हा माझा कापूस आडवा येत नाही का?"

मशीद ती कितीशी लांब! दोन दारं पुढे आपलं घर असताना माणूस शेजाऱ्याकडे बसून पाणी पितो. मी इकडे ज्याच्याशी भांडते त्याच्याच घरात ह्यांच्या गप्पा.

१० जानेवारी, शुक्रवार

पहाटेच्या फजरपासून कामाला लागले. शेडच्या भिंती पुसल्या, जमिनीवर पाणी शिंपडलं, दारात ओली चादर टांगली. झाकणं मी आणि बुशरानं चार-पाच दिवस पाणपेपरनं घासून ठेवली होती. पहिला पेपर खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी ओला तळवा फिरवायचा. कुठे अडला तर अजून घासायचं. टॉर्च आडवी धरली की चरे दिसतात, समोरून धरली तर एकही दिसत नाही. एवढं केलं म्हणजे रंगणाऱ्याला बोलायला जागा नको.

शुक्रवारी भिवंडी कान धुतल्यासारखी शांत असते. मी खिडकीबाहेर उभी राहिले. ह्यांनी मास्क चढवला, गन सुरू केली. सुरेख चालली होती. अर्ध्यावर आले आणि गन खाली. भिंतीकडे तोंड करून नुसते उभे राहिले. मी ओरडले, थांबलात का? हातानं खूण केली, थांब. मग पुन्हा सुरू.

कापसाचा एक तंतू नाही. आणि मधोमध जोड, होता तसाच.

म्हणजे आता मुबश्शिरभाईंना बोलायलाही तोंड राहिलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

हे सकाळी कुरआन पढतात. सुट्टीवर यायचे तेव्हा आवाज गल्लीत जायचा, बायका हातातलं काम ठेवून ऐकायच्या. आता आयत मध्येच तोडतात, जिथे थांबू नये तिथे थांबतात. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, असं थांबलं की अर्थ बदलतो. म्हणाले, "तू पढ, मी ऐकतो."

आळस आता दीनपर्यंत, धर्मापर्यंत पोचला.

१६ जानेवारी, गुरुवार

आता समजलं लक्ष कुठे असतं ते.

दुपारी कुवेतहून फोन आला. फोन घेऊन शेडच्या मागे गेले. मी कपडे वाळत घालायला गेले होते, कान लावायला गेले नव्हते. पण ऐकू आलं ते आलं. "घरी सांगितलं नाही अजून. सांगेन. नको, तू नको सांगूस तिला." मग मी दिसले तसा फोन ठेवला.

व्हिसाच असणार. दुसरं काय लपवायचं असतं ह्या माणसाला? काम मुद्दाम बिघडवतात, म्हणजे चाललं नाही, आता काय करू, असं म्हणून जायला मोकळे. सरळ सांगितलं असतं तर मी अडवलं असतं का? अडवलं असतं. पण सांगायला तर हवं होतं.

रात्री उशांवर उशा रचून बसल्या-बसल्या झोपतात ते यासाठीच. फोन वाजला की पटकन उचलता यावा.

भाजीत मीठ जास्त झालं. ह्यांनी सगळं खाल्लं. चिडून ताट सरकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी, रविवार

इमाद स्वतः आला. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, मग झाकण उचलून जोडावर नख फिरवलं. म्हणाला, "नूरभाई, खरं सांगा, कुवेतला रंग दुसराच कुणी मारायचा आणि नाव तुम्ही स्वतःचं सांगायचात, असं होतं का?"

हे हसले. हसता हसता खोकला आला, उठून बाहेर गेले.

माझ्या अंगाची आग झाली. मी याहून वाईट बोलले आहे, रोज बोलते. पण मी इमादला म्हटलं, "माझ्या नवऱ्याला काय बोलायचं ते मी बोलेन. बिस्किट संपव आणि नवीन झाकणं पाठव. शुक्रवारी बिनजोडाची मिळतील."

"कोण मारणार?"

"तुला झाकणाशी मतलब."

तो गेल्यावर मीच बसून राहिले, कोण मारणार याचा विचार करत.

२४ जानेवारी, शुक्रवार

घाईत लिहिते आहे, अक्षर वाकडं येतं.

हे जुम्म्याच्या नमाजला गेले तशी मी शेडमध्ये गेले. रंग कडक करणारा हार्डनर मापानं घातला, मापात मी चुकत नाही. पातळ मलमलीतून गाळला. मास्क खुंटीला होता. त्याच्या गाळणीच्या डब्या महाग आहेत, वापरल्या की संपतात, ह्यांच्यासाठी राहू देत म्हणून मी ओढणी नाकावर घट्ट बांधली. चार झाकणं तर मारायची होती.

पहिल्यावर ओघळ आले, पुसून टाकलं. दुसऱ्यावर हात बसला. घाई करायची नाही, जवळ जायचं नाही, ह्या कडेच्या बाहेर सुरू करून त्या कडेच्या बाहेर संपवायचं. तिसरं झाकण असं उतरलं की त्यात छताचा पत्रा दिसला. जोड नाही, काही नाही. मला एवढा आनंद झाला आणि त्याहून जास्त राग. दहावी शिकलेली बाई पहिल्या दिवशी करते, आणि ह्यांना जमत नाही? घशात खवखव होत होती, डोळे चुरचुरत होते, म्हटलं चौथं संपवूनच निघू.

ओली चादर फाटकन बाजूला झाली. हे दारात उभे. आवाज नाही, नुसता तोंडाचा आ. पुढे आले, कॉम्प्रेसरची नळी उपसली, गन माझ्या हातातून ओढली ती रंगाच्या डब्यात पडली. माझा दंड धरून मला अंगणात आणलं. मग स्वतः ओट्याला धरून खोकायला लागले. असा खोकला मी ह्या घरात ऐकला नव्हता. बुशरा पाणी घेऊन आली, ते हातातून सांडलं.

बोलता यायला लागलं तेव्हा म्हणाले, "ओढणी बांधून? सबीहा, ते ओढणीनं अडत नाही."

मी म्हटलं, मास्कच्या डब्या तुमच्यासाठी ठेवल्या.

"माझ्यासाठी काय ठेवतेस? माझं जायचं ते गेलं."

मग सगळं सांगितलं. तिकडे बरीच वर्षं मास्क नव्हता, होता तो धुळीचा. त्या हार्डनरमध्येच काहीतरी असतं, ते छातीत जातं. कुवेतच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्प्रेच्या रंगाजवळ पुन्हा उभं राहू नका. कंपनीनं तिकीट हातात ठेवलं. आता कुठल्याही देशाच्या मेडिकलमध्ये पास होणार नाहीत. तो फोन दोस्ताचा होता, तब्येत विचारायला.

मी म्हटलं, "मग हेच काम का काढलंत?"

"दुसरं काय येतं मला? आणि तू हो म्हणालीस तेव्हा तुझा चेहरा बघितला होता मी."

२५ जानेवारी, शनिवार

बोलत नाही आहे मी. बुशराला वाटतं मला वाईट वाटलं. वाईट वाटलंच, पण त्याच्या वर राग आहे, डेगीवरच्या झाकणासारखा.

मला बोलू दिलं. जा कुवेतला म्हटलं, ऐकून घेतलं. आळशी म्हटलं, ऐकून घेतलं. आयतीवरून टोकलं, तेही ऐकून घेतलं. माझ्या तोंडून एकेक निघू दिलं आणि स्वतः सब्र करत बसले. म्हणजे सगळा सवाब, सगळं पुण्य ह्यांचं आणि सगळा गुनाह माझा. हा हिशेब मला मान्य नाही. अल्लाहपुढेही मी हेच सांगेन.

आणि तो मुबश्शिर, ज्याला मी गल्लीत उभं करून बोलले, त्याला माहीत होतं की हा माणूस मशिदीतून घरापर्यंत एका दमात येऊ शकत नाही. शेजाऱ्याला माहीत, दोस्ताला माहीत. ताट वाढणारीला माहीत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांकडे नेलं. यायचं नाही म्हणत होते. मी बुरखा घालून रिक्षा दारात आणून उभी केली, मग आले. पंप दिला आहे, सकाळ-संध्याकाळ ओढायचा. हार्डनरचा रंग घरातही ठेवायचा नाही. पाण्यात भिजवून घासायला हरकत नाही, त्याची धूळ उडत नाही.

मलाही तपासलं. मला काही झालेलं नाही. डॉक्टरही रागावले माझ्यावर. त्यांचं मी ऐकून घेतलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हार्डनर दुकानात परत केला. फोडलेला डबा घेतला नाही, तो कचऱ्यात गेला. त्याऐवजी साधा इनॅमल आणला, ब्रशनं मारायचा. सुकायला दोन दिवस घेतो, चमक कमी. हे म्हणाले, इमाद घेणार नाही. मी म्हटलं, बघू. लग्नानंतर एवढं कमी बोलणं पहिल्यांदाच चाललंय आमच्यात, आणि जे चाललंय ते रंगाचंच.

मी शेडमध्ये, हे बाहेर ओट्यावर. तिथून पाणपेपर मारतात आणि शिकवतात. ब्रश रात्रभर भिजव. सुटे केस उपट. एक तृतीयांशच बुडव. आधी आडवा पसर, मग टोकानं उभा हलकेच ओढ, जसं बाळाच्या पाठीवरून. आणि एकदा ओढलं की मागे वळून हात लावू नकोस, रंग आपोआप बसतो. मला तेच जमत नाही. दिसलं कुठे वाकडं की हात जातोच. चार वेळा पुसून पुन्हा केलं.

"हात लावलास ना?" बाहेरून.

"तुम्हाला काय दिसतं तिथून?"

"तुला ओळखतो."

बुशरा फिस्कन हसली. मी हसले नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल शब-ए-बरात झाली. हलवा केला, मुबश्शिरभाईंकडे आधी पाठवला, सगळ्यात मोठी वाटी. त्यांनी वाटी धुवून परत दिली आणि सोबत दोन जुन्या चादरी, धुतलेल्या.

इमाद झाकणं बघायला आला. तळवा फिरवला, वाकून आडव्या उजेडात बघितलं. तोंड वाकडं करून म्हणाला, "आरसा नाही, भाभी. पण मासे काही तोंड बघणार नाहीत." झाकणं आणि सुकाणू आमच्याकडेच राहतील म्हणाला.

तेवढ्यावर गेला असता तर बरं होतं. पण ह्यांच्याकडे वळून सांगितलं की फिरायला नेणाऱ्यांसाठी मोठी होडी बनतेय. बाकं, केबिनची दारं, सगळं काचेसारखं हवं, ते गननंच होतं. करणार का? हे कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरकडे बघत होते. ती नजर मी ओळखते. विमानतळावर असायची, आत जाताना.

मी म्हटलं, नाही करणार. इमाद म्हणाला, मी नूरभाईंना विचारतोय.

पंप सुरू होऊन दोन आठवडे झाले, आता पायऱ्या चढताना थांबत नाहीत. एक उशी कमी झाली. मला ते बोलून दाखवायचं नाही, नजर लागते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल बुशरानं सांगितलं. अब्बांनी फोन करून इमादचाचाला हो म्हटलंय. मास्क लावून करतो, थोड्या दिवसांचं तर काम आहे, अम्मीला मी समजावतो.

पुन्हा तेच. घरी सांगितलं नाही, सांगेन.

सकाळी हे लवकर मशिदीत गेले तसा मी पडघ्याच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. माणूस तासाभरात आला. कॉम्प्रेसर, नळी, गन, सगळं नेलं. त्यानं जी किंमत सांगितली ती घेतली. भाजीवालीशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालणारी मी, आज घासाघीस केली नाही. मला फक्त ते फाटकाबाहेर गेलेलं हवं होतं.

जुम्म्यानंतर इमादचा टेम्पो आला, वर केबिनची दारं. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि त्याला तिथूनच वळायला सांगितलं. तो म्हणाला, सेठ को क्या बोलूँ? म्हटलं, बोल भाभीने मशीन बेच दी.

त्याच्या मागून हे येत होते, पांढरी टोपी, हातात नमाजाची जानमाज. ऐकलं.

मग जे सुरू झाले. माझ्या घामाची वस्तू, मला न विचारता, मला मेलेला समजतेस का, मी काय बुशरासारखा तुझ्या हाताखालचा आहे, आयुष्यभर बाहेर राहून कमवलं, आता घरात बाईनं सांगायचं मी काय करू, काय नको. शुक्रवार, लूम बंद, सगळ्या मोहल्ल्यात शब्दन् शब्द गेला. बायका झरोक्यांत आल्या. मुबश्शिरभाई दारात आले आणि परत आत गेले.

माझ्याही तोंडावर आलं होतं. मेलेला कोण समजतंय, तुम्ही की मी, हेच विचारणार होते. पण मी ऐकत राहिले. गल्लीच्या तोंडापासून आमच्या पायरीपर्यंत, चढ चढत, हे ओरडत आले, आणि मध्ये कुठेही थांबले नाहीत. खोकले नाहीत. भिंतीला हात लावला नाही. मुबश्शिरभाईंचं दार आलं आणि मागे पडलं.

जेवले नाहीत. ताट झाकून ठेवलं आहे. दार लावून आत बसलेत, आणि मी इकडे इनॅमलचा दुसरा हात मारायला घेतला आहे. उद्या पुन्हा ओरडतील. ओरडू देत. मीही बोलणार आहे, माझं अजून सगळं बाकी आहे.